उठाव आणि चाट

उमरीबांधच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे धुरपताबाई ठरवायची. हा मान तिनं कोणाकडे मागितला नव्हता. तिचा नवरा, गावचा पाणकर, वारला तेव्हा त्याच्या जागी माणूस नेमायला गाव तलावाच्या पाळीवर बसलं. तिकडे पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, पार म्हणतात. तर गाव पारीवर बसलं, आणि बसल्या बसल्या सगळ्यांच्या ध्यानात आलं की गेली दहा वर्षं पाणी हीच बाई सोडत आलीय. नवरा नुसता शेजारी उभा राहून विडी ओढायचा. बकाराम पटलांनी तरी कुरकुर केलीच. बाईमाणूस तुडुमात उतरणार का, म्हणाले. तुडूम म्हणजे पारीच्या पोटातून पाणी सोडायची मोरी. तिचा दट्ट्या काढायचा तर गळ्याइतक्या पाण्यात उतरावं लागतं. धुरपताबाईनं पदर खोचला, उतरली, दट्ट्या काढून वर आली आणि तो ओलाकिच्च दट्ट्या तिनं पटलांच्या पायाशी ठेवला. त्यानंतर पटलांची कुरकुर त्यांच्या घरातच राहिली.

तिला मूलबाळ नव्हतं. दिराचा मुलगा चैतराम चार वर्षांचा असताना हैजानं, म्हणजे पटकीनं, आईबाप गेले, तेव्हापासून तो तिच्याच पदराखाली वाढला. तिला तो मोठी माय म्हणायचा. पोरगा हुशार निघाला. अर्जुनीला शिकला, गोंदियाला शिकला, नागपूरला जाऊन गणितात बी.एस्सी. झाला. इथवर गाव खूश होतं. पण एम.एस्सी.साठी प्रबंध लिहायचा म्हणून त्यानं जो विषय घेतला, तो ऐकून गावानं कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. १९४५च्या नोव्हेंबरात तिकडे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्यातून उठलेल्या लाटा शेकडो मैल चालून मुंबईपर्यंत आल्या. चैतरामनं ते पेपरात वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. अशी लाट दूरवर उठली, तर आपल्या किनाऱ्याला लागेल तेव्हा ती केवढी असेल? सरळ कड्याला कशी लागेल, उताराच्या वाळूवर कुठवर चढेल, निमुळत्या खाडीत शिरली तर काय करेल? हे आधीच गणितानं सांगता येईल का? आता उमरीबांधपासून कोणत्याही दिशेला गेलात तरी तीनशे मैलांच्या आत समुद्र नाही. चैतरामनं तो चित्रातसुद्धा धड पाहिलेला नव्हता. बकाराम पटील म्हणाले, "धानावर लिव म्हनावं, उसावर लिव म्हनावं. समुद्रावर कायले लिहून राहिला? तो का याच्या बापानं खोदला हाये?"

धुरपताबाईला मात्र त्यात नवल वाटलं नाही. पाणी ते पाणी. थोडं काय आणि जास्त काय.

आणि खरं सांगायचं तर चैतरामच्या प्रबंधाचं अर्धं पोट उमरीबांधच्या तलावानंच भरलं होतं. तलावाच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं. दरवर्षी माघी पौर्णिमेला गाव त्या बोडीची पार फोडतं, पाणी एकदम मोठ्या तलावात येतं, आणि मग रिकाम्या बोडीत उतरून सगळे मासे धरतात. त्या सुटलेल्या पाण्याची एक लांब, बसकी लाट तलाव ओलांडून पलीकडच्या काठाला लागते. मधल्या खोल पाण्यात ती डोळ्याला दिसतसुद्धा नाही. काठाला मात्र कुठे वीतभर चढते, कुठे हातभर. चैतराम आणि त्याची मोठी माय भूकंपाच्या आधीपासूनच, तीन वर्षं, ती लाट मोजत होते. दूरच्या समुद्राच्या लाटेचं वागणं त्यानं ह्या लाटेवरून बांधलं होतं.

१९४६च्या डिसेंबरात एका सकाळी धुरपताबाई तुडुमाशी कचरा काढत होती. चैतराम पारीवरून येताना तिला दिसला आणि त्याच्या चालण्यावरूनच तिनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. हातात नागपूरहून परत आलेला प्रबंध होता आणि वर परीक्षकांचं पत्र.

"काय लिहून राहिला तो मास्तर?"

परीक्षक प्रोफेसर होते, मूळचे कोकणातले, खाडीकाठच्या गावचे. आधी त्यांनी चैतरामला आपल्या गावच्या खाडीचा नकाशा पाठवला होता, खोली, रुंदी, उतार सगळं लिहून, आणि विचारलं होतं: भूकंपाच्या त्या दिवशी आमच्या गावात पाणी किती फूट चढलं असेल, सांगा. चैतरामनं गणित करून सांगितलं होतं, पाच फूट. त्यावर हे पत्र आलं होतं. चैतरामनं ते उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

"'आमच्या लोकांनी डोळ्यांनी जे पाहिलं, त्याच्या जवळपासही तुमचं उत्तर नाही. खरा आकडा मी सांगणार नाही. सांगितला तर तुम्ही गणित मागाहून जुळवाल. ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याने समुद्रावर लिहू नये असं माझं मत आहे. तरीही नियमाप्रमाणे एक संधी देतो. तिसरी संधी नाही.'"

चैतरामनं पत्राची घडी केली. वर्षभराचं काम होतं ते. "मोठी माय, मी सात डाव आकडे पाहिले. चूक भेटूनच नाही राहिली. मास्तर म्हनते तेच खरं असंल. मले समुद्र समजत नाही."

धुरपताबाईला त्या न पाहिलेल्या प्रोफेसराचा असा राग आला, की त्यानं समुद्राऐवजी हा तलाव एकदा पोहून दाखवावा असं तिच्या मनात येऊन गेलं. पण रागानं पाणी मोजता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती हात धुऊन पारीच्या दगडावर बसली. "मले सांग. पैल्यापासून सांग. कोठून धरलं तू गनित?"

"एका बंदरापासून. तेथं त्या दिवशी पानी साडेचार फूट झालं, अशी नोंद हाये. ते धरून मंग मी तेथल्या समुद्रातली लाट काढली, अन् तीच लाट मास्तरच्या खाडीत आनली."

"त्या बंदरात पानी मोजलं कोनं?"

"कोनं नाही. यंत्र हाये."

"कोठं हाये? काठावर का पान्यात?"

"पान्यात. धक्क्यापाशी विहिरीवानी नळ हाये उभा, त्यात डबा तरंगते. पानी वर झालं का डबा वर जाते, अन् कागदावर रेघ निघते."

"म्हंजे पान्यात खुंटा गाडून त्याच्यावर पाहातो, तसंच ना आपल्यासारखं?"

"हो, तसंच."

"मंग तो उठाव झाला ना, बाप्पा!" धुरपताबाई म्हणाली. "तू चाट काऊन धरली?"

चैतराम घाईघाईनं प्रबंधाचं पहिलं पान उलटायला लागला.

ह्या दोन शब्दांचं थोडं सांगायला हवं. उमरीबांधच्या पाणकरांत पाणी दोन तऱ्हांनी मोजतात. पाण्यात गाडलेल्या खुंट्यावर पाणी जितकं वर सरकतं, तो उठाव. आणि तेच पाणी काठ चढत चढत जिथवर जीभ लावून परत फिरतं, ती चाट. चाट ओळखायला पाण्यावर धानाची फोलपटं टाकायची. पाणी फिरलं की काठावर फोलपटांची ओळ राहते. उठाव दोन बोटं असला तर उताराच्या काठावर चाट चार-पाच बोटं सहज जाते. आता गावाला काळजी कसली, तर पाणी पारीवर कुठवर चढेल ह्याची. म्हणून उमरीबांधात कोणी नुसतं "पानी हातभर झालं" म्हटलं की ते चाटेचंच बोलणं असतं. उठावाचं नाव फक्त पाणकर काढतो, तेही कामापुरतं. चैतराम ह्याच बोलण्यात वाढलेला. इंग्रजी कागदावर त्यानं "पाण्याची उंची" वाचली आणि त्याच्या मनानं आपोआप चाट ऐकली. मुंबईचा किंवा मद्रासचा कोणी असता तर ही चूक त्याच्या सात पिढ्यांत झाली नसती. ती व्हायला उमरीबांधचाच माणूस लागत होता.

"साडेचार चाट धरून मी उठाव दोन काढला," चैतराम पुटपुटला. "अन् खरा उठावच साडेचार हाये. माझी लाट निम्म्याहून लहान झाली. पैल्याच ओळीत! मोठी माय, पैल्याच ओळीत चुकलो, अन् मी पाहात बसलो शेवटच्या!"

तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. धुरपताबाई म्हणाली, "रडाले मंग पाहू. पेन्सिल काढ."

त्यानं तिथंच पारीवर बसून गणित केलं. उत्तर आलं ते त्यानं तिलाही सांगितलं नाही. कागदावर लिहून पाकिटात घातलं आणि डिंकानं बंद केलं. प्रोफेसरांना त्यानं चूक कुठे झाली ते कळवलं, आणि नवं उत्तर तयार आहे असं लिहिलं.

उत्तर आठ दिवसांत आलं. प्रोफेसर लिहीत होते: "आकडा पोस्टाने पाठवू नका. तुम्हाला तो कोणी कळवला असं म्हणायला कोणाला जागा नको. जानेवारीच्या मध्यावर मी नागपुरात आहे. तुमच्या ह्या तलावाबद्दल प्रबंधात फार वाचलं. तो बघायला येतो. लाट दूर असताना तिचा उठाव कळला, तर काठावरची चाट आधी सांगता येते, असं तुम्ही म्हणता. माझ्यासमोर सांगा. खरं ठरलं तर पाकीट उघडू. नाही ठरलं तर प्रबंध तिथूनच मागे घ्या."

आता पंचाईत अशी, की माघी पौर्णिमा फेब्रुवारीत होती. बकाराम पटील म्हणाले, पौर्णिमेशिवाय बोडी फुटली नाही आणि फुटणार नाही, पाहुणा लाटसाहेब असला तरी. "रीत म्हंजे रीत," ते म्हणाले.

"बरोबर बोलले, पटील," धुरपताबाई म्हणाली. "रीत म्हंजे रीत. तुमच्या उसाच्या पान्याचा नंबरबी पौर्णिमेनंतरच हाये. मी उगाच पंधरा दिवस आधी देऊन राहिली होती."

बोडी सोळा जानेवारीला फोडायचं ठरलं.

प्रोफेसर गोंदियाहून छोट्या लाईनीच्या गाडीनं अर्जुनीला उतरले आणि तिथून बैलबंडीत बसून आले. काळा कोट, पायात बूट, हातात छत्री, आणि तोंडावर असा बंदोबस्त की आत काय चाललंय ते कोणाला कळू नये. धुरपताबाईनं त्यांना चहा दिला, त्यांनी तो प्यायला, आणि तलावाकडे बघून एवढंच म्हणाले, "मोठा आहे." तिला ते बरं वाटलं. माणूस अगदीच वाया गेलेला नाही, असं तिनं ठरवलं.

मांडणी अशी होती. बोडी वरच्या अंगाला, अर्ध्या मैलाहून लांब. तिच्या तोंडापासून थोडं पुढे, खोल पाण्यात, एक खुंटा गाडलेला आणि त्याला डोंगा बांधून त्यात मंगरू बसलेला. मंगरू गावचा ढोलवाला, आणि पाण्याच्या कामात धुरपताबाईचा उजवा हात. लाट खुंट्यावरून गेली की उठाव जितकी बोटं, तितके टोले त्यानं ढोलावर मारायचे. आवाज तलावावरून ताबडतोब येतो. लाट मागून यायची. इकडे ह्या टोकाला दगडी पार, आणि तिच्या शेजारीच पाणी जमिनीत आत शिरून निमुळतं होत जातं ती जागा. तिला गायमुख म्हणतात. दोन्ही ठिकाणी धुरपताबाईनं संथ पाण्याच्या रेघेवर खूण केली होती आणि पाण्यावर फोलपटं टाकली होती. तिच्या हातात बोटांच्या खुणा केलेली काठी होती आणि कमरेला दोन खुंट्या. सगळं गाव पारीवर जमलं होतं.

दहा वाजता पलीकडे फावडी चालली, आरोळी उठली, आणि बोडीची पार फुटली. इकडे तलाव जसाच्या तसा. सगळे कान टवकारून उभे.

ढम. ढम. ढम.

"तीन!" चैतराम ओरडला. त्याच्या हातातल्या कागदावर तक्ता तयार होता. "दगडी पार, सहा बोटं! गायमुख, वीस बोटं! लाट अडीच मिनिटांत!"

प्रोफेसरांनी घड्याळ काढलं. धुरपताबाईनं पारीवर काठी लावून सहा बोटांवर एक खुंटी ठोकली, तशीच धावत गायमुखात गेली आणि काठावर संथ पाण्याच्या वीस बोटं वर दुसरी ठोकली. ती खुंटी पाण्यापासून इतकी वर दिसत होती की बायका हसायला लागल्या. तळं तर आरशासारखं पडून होतं.

अडीच मिनिटांना पाच-सात सेकंद कमी असताना दगडी पारीशी पाणी फुगलं. उसळलं नाही, फुटलं नाही, नुसतं फुगलं, आणि खाली बसलं. प्रोफेसर वाकले. फोलपटांची ओळ बरोबर खुंटीशी होती. "सहा," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

मग पाणी गायमुखात शिरलं. फोलपटं वर चढली, थांबली आणि मागे फिरली. धुरपताबाईनं काठी लावली.

आठ बोटं.

वीस सांगितली होती, आणि आठ झाली. मग बकाराम पटील मोकळेपणी हसले. "एवढ्यासाठी बोडी फोडली का, बाई? मासेबी पौर्णिमेले मोठे भेटले असते!" प्रोफेसरांनी आठचा आकडा लिहिला, वही मिटली आणि छत्री काखेला मारली. चैतराम दोन पावलं त्यांच्यामागे गेला. "सर, दुसरी लाट बाकी आहे," तो म्हणाला. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात त्यानं हेच लिहिलं होतं, पण आता त्याच्या आवाजात असा दम नव्हता की कोणी ऐकावं.

तेवढ्यात गायमुखातलं पाणी ओसरायला लागलं. नेहमीच्या रेघेच्या खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि तळाचा काळा गाळ उघडा पडला. त्यात मासे तडफडत होते. बायकांनी आरडाओरडा केला, दोघीतिघी टोपल्या घेऊन उतरायला निघाल्या. आणि प्रोफेसरही, ओळ जवळून बघावी म्हणून, बूट सांभाळत उतारावरून खाली गेले.

धुरपताबाईनं ते पाहिलं. वीस वर्षं पाण्याशी काढलेली बाई होती ती. हे ओसरणं तिला ओळखीचं होतं. "वर!" ती अशी ओरडली की पलीकडे मंगरूनं ऐकलं. "समद्या वर या! टोपल्या टाका!" बायका जागच्या जागी थिजल्या आणि मागे फिरल्या. प्रोफेसर मात्र वाकून बघतच होते. तिनं खाली धाव घेतली, एम.ए., पीएच.डी. कोटाची बाही धरली आणि बैलाला ओढावं तसं त्यांना वर ओढलं. "साहेब, वर व्हा! पानी मांगं गेलं म्हंजे गेलं नाही!"

ते वर आले, आणि पाणी आलं.

दगडी पारीवरून परत फिरलेलं पाणी, बोडीचं मागून येणारं पाणी, असं दोन्ही मिळून ते गायमुखात घुसलं. आत जागा अरुंद होत गेली तसं ते वर वर चढत गेलं. जिथे प्रोफेसर वाकले होते ती जागा गेली, टोपल्या गेल्या, फोलपटं, काटक्या, शेवाळ घेऊन पाणी काठावर चढलं, खुंटीपाशी आलं, आणि खुंटीला जीभ लावायच्या बेतात असताना थांबलं. मग हळूच मागे फिरलं.

काठावर फोलपटांची स्वच्छ ओळ राहिली होती. धुरपताबाईनं काठी लावली. बोटं तिनं एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम मोठ्यानं मोजली, पटलांना ऐकू जावं म्हणून.

"एकोनवीस! साहेब, एकोनवीस! एक बोट कमी!"

मग काय विचारता! पारीवर एकच गलका झाला. मंगरूला तिकडे काही दिसत नव्हतं, पण गलका ऐकून त्यानं जो ढोल बडवायला घेतला तो डोंगा हेलकावे खाईपर्यंत. बकाराम पटील खुंटीजवळ जाऊन वाकून आले आणि म्हणाले, "आपलंच पोरगं हाये शेवटी." चैतराम खाली बसला होता. तोंडावरचं हसू त्याला आवरत नव्हतं.

प्रोफेसर गायमुखातल्या, पुन्हा संथ होत चाललेल्या पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. "पाकीट."

चैतरामनं दिलं. त्यांनी ते फाडलं, कागद वाचला, मग खिशातून आपली लहान वही काढून एक पान उघडलं आणि दोन्ही शेजारी धरले. आणि उमरीबांधच्या पारीवर, सगळ्या गावासमोर, ते अक्षरशः चाट पडले.

"तुमचं उत्तर अकरा फूट तीन इंच," ते म्हणाले. "माझ्या भावानं दोरी लावून मोजलंय, अकरा फूट सात इंच." त्यांनी वही मिटली. "चार इंच, चैतराम. सव्वादोनशे कोसांवर बसून, समुद्र न पाहता, चार इंचांचा फरक. माझं मत मी परत घेतो. लिहून देतो."

आणि त्यांनी तिथंच दगडावर बसून, प्रबंधाच्या पहिल्या पानावर, मान्य म्हणून सही केली. धुरपताबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण ती सही तिनं नाक लावून पाहिली. मग ती रडली. गावासमोर, पदर तोंडाला न लावता, पोटभर रडली. नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत अशी रडली नव्हती.

थोड्या वेळानं प्रोफेसर तिच्याजवळ येऊन उभे राहिले. छत्रीशी चाळा करत म्हणाले, "बाई, मघाशी तुम्ही मला ओढलंत. त्या दिवशी आमच्या खाडीतही असंच झालं. पहिली लाट आली, फारशी मोठी नव्हती. लोक हसले. मग खाडी रिकामी झाली आणि मासे उघडे पडले. माझी काकू टोपली घेऊन उतरली. लहानपणी तिनंच मला सांभाळलं होतं. तिला वर ओढायला कोणी नव्हतं." त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली. "म्हणून मला चुकीचा आकडा सहन होत नव्हता. पाच फुटांवर विश्वास ठेवून आणखी कोणी तिथं उभं राहिलं असतं."

धुरपताबाईचा त्यांच्यावरचा सगळा राग त्या क्षणी गेला. तिला वाटलं, ह्या माणसानं वर्षभराहून जास्त हा आकडा खिशात घेऊन दिवस काढले. तिनं कमरेला हात लावला, तिथे आता खुंटी उरली नव्हती, म्हणून गायमुखातली उपटून आणली आणि पदरानं पुसली.

"साहेब," ती म्हणाली, "ऐकून घ्या. तुमच्या गावात अशी एक रोवाची. साडेअकराले नाही, चांगली पंधरा फुटांवर. अन् समद्यायले सांगाचं, पानी मांगं गेलं का मासे पाहाचे नाही, हिच्या वर जाऊन उभं राहाचं. पैली लाट झाली तरी खाली याचं नाही."

"मी सांगून कोणी ऐकणार नाही," प्रोफेसर म्हणाले. "लहानपणापासून ओळखतात मला. चैतराम येतील माझ्याबरोबर. हे गणित ज्यानं केलं, त्यानंच ती खुंटी रोवावी."

चैतरामनं मोठ्या मायकडे पाहिलं. जाऊ का, असं त्यानं तोंडानं विचारलं नाही.

"जा ना," ती म्हणाली. "अन् मलेबी ने. तुले खुंटी सरळ ठोकता येत नाही."

त्या साली माघी पौर्णिमेला उमरीबांधच्या तुडुमाशी मंगरू एकटाच होता. धुरपताबाई तेव्हा कोकणातल्या एका खाडीकाठी, गुडघाभर समुद्रात उभी राहून, पंधरा फुटांची उंची कुठे येते ते दोरीनं मोजत होती, आणि काठावर जमलेल्या सगळ्या गावाला आरोळी देऊन सांगत होती, की मागं व्हा, आणखी मागं व्हा, मागच्या खेपेला पाणी आलं त्याच्याही वर.